सल्ला : कोलेस्टेरॉलच्या गोळीनं जीन बदलतात का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातले ४६ वर्षांचे वाचक. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. अ‍ॅडमिट झाले त्या दिवशी एलडीएल (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) २०४ मिलिग्रॅम/डेसिलिटर होतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम सुरू झाल्यावर ते ८८ वर आलं. वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकनंच गेले. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या पुतण्यानं त्यांना एका संशोधनाबद्दल सांगितलं, की ही गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णांच्या रक्तात शेकडो जनुकांचं (जीनचं) 'एक्स्प्रेशन', म्हणजे कामाचं प्रमाण, बदललेलं सापडतं. ते ऐकल्यापासून तीन आठवडे झाले, 'रात्रीच्या गोळ्या' बंद आहेत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, पत्नी चिडलेली आहे. मांड्या दुखायच्या, आता थोड्या कमी दुखतात, पण दुखणं पूर्ण गेलेलं नाही. मुलगी १७ वर्षांची, मुलगा १२चा. वाचक विचारतात : माझ्या जीनमधला हा फेरफार मुलांपर्यंत जाईल का? गोळी कायमची सोडून पथ्य आणि नैसर्गिक कॅप्सूल यांवर भागेल का? आणि जाहिरातीत दिसते ती जीन टेस्ट करून घ्यावी का?

नमस्कार.

जनुकांकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या 'रात्रीच्या गोळ्या' या दोन शब्दांबद्दल बोलायला हवं. स्टेंटनंतर बहुतेकांना अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर यांपैकी एक गोळी असते. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यायची असते, म्हणजे तिची एक मात्रा रात्रीच्या डबीत असते. तुम्ही अख्खी रात्रीची डबीच बाजूला ठेवली असेल, तर हे पुढचं नंतर वाचा आणि आधी तुमच्या कार्डिओलॉजिस्टना फोन करा. अटॅकनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. त्यातली एक मध्येच सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो अचानक बंद पडू शकतो. फक्त कोलेस्टेरॉलची गोळी बंद असेल तर इतकी धावपळ नको, पण आठवडाही घालवू नका.

आता पुतण्याचं. त्यानं सांगितलं ते खरं आहे. किंबहुना त्यानं थोडं कमीच सांगितलं. स्टॅटिन (तुमची कोलेस्टेरॉलची गोळी याच गटातली) जनुकांच्या कामावर परिणाम करतं आणि तो परिणाम झाला नाही, तर तुमचं एलडीएल फारसं उतरणारच नाही.

ते कसं, पाहा. यकृताची पेशी स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल स्वतः बनवते. त्यासाठी तिला एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. स्टॅटिन या एन्झाइमला अडवतं. पेशीच्या आतलं कोलेस्टेरॉल कमी पडलं की आतल्या पडद्याला बांधून ठेवलेलं एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन सुटतं, दोन ठिकाणी कापलं जातं आणि त्याचा एक तुकडा पेशीच्या केंद्रकात शिरतो. तिथे डीएनएवर ठरावीक जागा असतात, त्यांवर तो बसतो आणि एलडीएल रिसेप्टर बनवणारं जनुक जास्त वेळा वाचलं जाऊ लागतं. मग पेशीच्या पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर येतात. एकेक रिसेप्टर रक्तातला एलडीएलचा कण पकडून आत नेतो, आत सोडतो आणि पुन्हा वर येतो. ही फेरी साधारण दहा मिनिटांची, आणि रिसेप्टरचं आयुष्य वीसेक तासांचं. तुमचं एलडीएल २०४ वरून ८८ वर आलं, म्हणजे ५७ टक्के उतरलं, ते मुख्यतः या वाढलेल्या फेऱ्यांमुळे. या रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

तुमच्या प्रश्नामागे एक गृहीत आहे : एक्स्प्रेशन बदललं म्हणजे जीन बदललं. इथे जरा थांबायला हवं. रेग्युलेटर फिरवला की पंखा जोरात फिरतो, पण त्यानं पंखा बदलत नाही आणि वायरिंगही बदलत नाही. डीएनएमधली अक्षरं आहेत तशीच राहतात. त्या अक्षरांच्या किती प्रती निघतात आणि त्यावरून किती प्रथिन बनतं, एवढंच वर-खाली होतं. ते कायमचंही नसतं. गोळी सोडली की दोन ते चार आठवड्यांत एलडीएल मूळ जागी परत येतं, कारण पेशीतलं कोलेस्टेरॉल भरून निघतं आणि एसआरईबीपी-२ पुन्हा बांधलं जातं. तुमच्या बाबतीत ते आत्तापर्यंत बहुधा झालेलंही आहे.

आणि एक्स्प्रेशन बदलणं हे गोळीपुरतंच नसतं. उपास, जड जेवण, जिना चढणं, रात्रीचं जागरण, साधा ताप यांतल्या प्रत्येकानं काही जनुकांचं काम वाढतं, काहींचं घटतं. तूप, डालडा, पामतेल यांतल्या संपृक्त चरबीनं यकृतातले एलडीएल रिसेप्टर कमी होतात, म्हणजे बरोबर स्टॅटिनच्या उलट दिशेनं. जनुकांना हात लावू न देता जगायची सोयच नाही. प्रश्न असतो तो कोणत्या दिशेनं आणि किती, एवढाच.

मुलांपर्यंत जाईल का, याचं उत्तर आता सोपं आहे. मुलं तुम्ही गोळी सुरू करण्याच्या किती तरी वर्षं आधी जन्मलेली आहेत, आणि ही गोळी वीर्यपेशींतला डीएनए बदलत नाही. (स्त्री-रुग्णांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. गरोदर राहायचा विचार असेल तर स्टॅटिनबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं, बहुतेक वेळा गरोदरपणात ती थांबवतात. पण त्याचं कारण गर्भाच्या वाढीला कोलेस्टेरॉल लागतं हे आहे, जीनमधला फेरफार नव्हे.) तरीही तुमच्या मुलांसाठी काळजीचं एक कारण आहे, आणि ते गोळीत नाही. त्याकडे येतो.

त्या संशोधनाबद्दल पुतण्याला तीन गोष्टी विचारायला सांगा. पहिली, नमुना कुठल्या अवयवाचा? बहुतेक अभ्यास रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर होतात, कारण नस टोचून त्या सहज मिळतात. स्टॅटिनचं मुख्य काम यकृतात चालतं आणि जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा अशा अभ्यासासाठी कोण देणार? पांढऱ्या पेशींमध्ये दिसणारा बदल बऱ्याचदा नुसती पावती असते : पेशीत कोलेस्टेरॉल कमी आहे म्हणून ते आत आणणाऱ्या एलडीएल रिसेप्टरचं जनुक वाढलेलं आणि ते बाहेर फेकणाऱ्या एबीसीए१, एबीसीजी१ या पंपांची जनुकं उतरलेली. दुसरी, तुलना कोणाशी? हृदयरुग्ण स्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन, बीटा ब्लॉकर, कधी मधुमेहाच्या गोळ्याही घेत असतो, आणि त्याला मुळात आजार असतो. निरोगी माणसाशी तुलना केली तर दिसलेला फरक गोळीचा की आजाराचा, हे सुटं करता येत नाही. त्याच माणसाचं गोळीआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलेलं असेल तर तो अभ्यास जास्त भरवशाचा. तिसरी, 'शेकडो' हा आकडा कसा काढला? माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. प्रत्येकाची वेगळी चाचणी लावली आणि ५ टक्के चुकीची मुभा ठेवली, तर काहीही घडलेलं नसताना नुसत्या योगायोगानं हजारेक जनुकं 'बदललेली' निघतात. चांगले संशोधक ही चूक गणितानं काढून टाकतात. बातमीत मात्र ते कधी येत नाही.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली काही जनुकंही स्टॅटिननं हलतात : नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढतं, सूज वाढवणारे संदेश कमी होतात. हे प्रयोगशाळेतल्या पेशींत छान दिसतं आणि त्यावर लेख भरपूर निघतात. आमचं मत विचाराल तर रुग्णानं त्यात फार गुंतू नये. फायदा मुख्यतः एलडीएल किती उतरलं आणि किती वर्षं उतरलेलं राहिलं, यावर ठरतो. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक, पुन्हा स्टेंट-बायपास हे सगळं मिळून साधारण पाचव्या हिश्शानं घटतं. स्टॅटिन नसलेल्या औषधांनी एलडीएल उतरवलं तरी फायदा त्याच प्रमाणात मिळतो, यावरून खरं काम कुठे होतं ते कळतं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात पाच-साडेपाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

जनुकांचा एक परिणाम मात्र तुमच्या रिपोर्टमध्ये थेट दिसतो आणि तो माहीत असायला हवा. एसआरईबीपी-२ केंद्रकात गेलं की ते रिसेप्टरच्या जनुकासोबत पीसीएसके९चंही जनुक वाढवतं. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टरला धरून पेशीच्या आत नष्ट व्हायला पाठवतं. म्हणजे गोळी एका हातानं रिसेप्टर वाढवते आणि दुसऱ्या हातानं थोडे घालवते. म्हणूनच स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी फक्त सहाएक टक्केच उतरतं. तुम्ही ८० मिलिग्रॅमवर होता, त्याच्या वर जागाच नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तुमच्यासारख्याचं एलडीएल ५५च्या खाली हवं. तुमचं ८८ होतं. म्हणजे 'गोळी जास्त होते आहे का' यापेक्षा 'अजून काय जोडायचं' हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. सहसा पहिली पायरी इझेटिमाइब १० मिलिग्रॅमची. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते आणि एलडीएल आणखी वीसेक टक्क्यांनी उतरवते, तुमच्या हिशेबात ७०च्या आसपास. तेवढ्यानं भागलं नाही तर बेम्पेडोइक अ‍ॅसिडची गोळी किंवा पीसीएसके९वरची इंजेक्शनं. यातलं इन्क्लिसिरान हे पीसीएसके९च्या जनुकाची निघालेली प्रतच यकृतात नष्ट करतं. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी एक. डीएनए त्यातही तसाच राहतो. डीएनएमधलं अक्षरच बदलून पीसीएसके९ कायमचं बंद करायचे प्रयोग माणसांवर सुरू आहेत, पण ते अजून चाचणीच्या टप्प्यात आहेत. जीन बदलण्याची भीती बाळगायचीच असेल तर तिची जागा तिथे आहे.

मांड्यांचं दुखणं आम्ही हलक्यात घेत नाही. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मोठ्या स्नायूंत असतं (मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे), आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं. एकाच पायात, गुडघ्याच्या सांध्यात किंवा मुंग्यांसोबत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. तुम्ही नकळत एक चाचणी करून बसला आहात : तीन आठवडे गोळी नाही, तरी दुखणं टिकून आहे. गोळीचं दुखणं सहसा दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणजे काही भाग गोळीचा असेलही, पण सगळा नसावा. ब्रिटनमधल्या ६० जणांच्या एका अभ्यासात, ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडली होती त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनंही झाला. त्रास खरा होता. तो गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होता, औषधातून फार थोडा.

भेटीला जाण्याआधी डॉक्टरांना विचारून सीपीके (स्नायूंची इजा), टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. सीपीकेच्या आधी दोन-तीन दिवस जिम किंवा शेतातलं जड काम टाळा, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो. थायरॉइड मंदावलेली असेल तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही वाढतं, मग दोष बिचाऱ्या गोळीवर जातो. सीपीके नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दहापट असेल किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. चारपटीच्या आत असेल तर डॉक्टर सहसा तीच गोळी कमी डोसनं किंवा रोसुव्हास्टॅटिन छोट्या डोसनं सुरू करून सोबत इझेटिमाइब देतात. बेम्पेडोइक अ‍ॅसिड कोलेस्टेरॉल बनण्याच्याच वाटेवर अडवतं, पण त्याला कामाला लावणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नसतं. त्यामुळे खरोखर स्नायूंचा त्रास होणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन घेऊ नका.

इतर औषधांची गल्लतही बघा. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा नायट्यावरची इट्राकोनॅझोल सुरू झाली, तर स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायू दुखू लागतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे खोकल्यासाठी गेलात तरी चालू गोळ्यांची यादी दाखवा. ग्रेपफ्रूटचा रस रोज पेलाभर नको, आणि त्याच्या जातकुळीतलं पपनसही बेतानं.

साखरेचंही सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न पुढे येणारच. स्टॅटिननं मधुमेहाचा धोका थोडा वाढतो : २५५ जणांनी चार वर्षं घेतली तर एक जास्तीचा मधुमेही, तोही बहुधा आधीच काठावर असलेला. स्टेंट बसलेल्या माणसाला हा सौदा परवडतो. वर्षातून एकदा एचबीए१सी बघितलं की झालं.

आता पथ्य आणि कॅप्सूल. पथ्य हवंच, पण त्यानं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरेल. तुमचे २०४ होते, तर राहतील १७५-१८०. तेवढ्यावर भागणार नाही. कॅप्सूलच्या डबीवर 'रेड यीस्ट राइस' (बुरशीनं आंबवलेला लाल तांदूळ) लिहिलंय का बघा. त्यात मोनॅकोलिन के असतं, आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन. १९८७मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालेली स्टॅटिन आणि ही 'नैसर्गिक' चीज रासायनिकदृष्ट्या एकच आहे. फरक इतकाच, की कॅप्सूलमध्ये ती किती आहे याचा भरवसा नाही. जनुकांवरचा परिणामही तोच होणार. बाकी पहिली स्टॅटिनसुद्धा जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतूनच शोधली होती, त्यामुळे निसर्गाचा मुद्दा इथे फार चालत नाही.

जाहिरातीतली जीन टेस्ट करू नका. स्टॅटिनच्या त्रासाशी पक्का संबंध सापडला तो एसएलसीओ१बी१ या जनुकाचा, २००८मध्ये, आणि तो प्रामुख्यानं सिमव्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम डोसच्या बाबतीत. तो डोस आता नव्यानं कोणी सुरू करत नाही. तुमच्या गोळीची निवड त्या रिपोर्टनं फारशी बदलणार नाही.

पण एका वेगळ्या जनुकीय तपासणीचा विचार तुमच्या डॉक्टरांशी नक्की करा. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणजे एलडीएल रिसेप्टरच्या (किंवा क्वचित एपीओबी, पीसीएसके९च्या) जनुकातला जन्मजात दोष. साधारण अडीचशे-तीनशे लोकांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना कळतच नाही. त्यासाठी डच लिपिड क्लिनिक नेटवर्कचे गुण मोजतात. उपचाराआधीचं एलडीएल १९० ते २४९ : ३ गुण. पुरुषाला ५५च्या आत हृदयविकार : २. वडील, भाऊ यांपैकी कोणाला ५५च्या आत : १. तुमचे ६ झाले, आणि ६ ते ८ म्हणजे 'बहुधा आहे'. अटॅकनंतर पहिल्या दिवसानंतर एलडीएल तात्पुरतं खाली जातं, पण तुमचं पहिल्याच दिवशी मोजलेलं आहे, त्यामुळे २०४ हा आकडा धरायला हरकत नाही. टाचेच्या मागची जाड शीर (अ‍ॅकिलिस टेंडन) दोन बोटांनी चाचपून बघा. ती जाड, गाठाळ लागली तर त्याचेच आणखी ६ गुण असतात.

या दोषात रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असते. स्टॅटिन चांगल्या प्रतीचं काम वाढवून घेतं, म्हणून एक प्रत शाबूत असलेल्यांना ती लागू पडते, आणि दोन्ही निकामी घेऊन जन्मलेल्या मुलांना जवळपास पडत नाही. तुमचं ५७ टक्के उतरलं, म्हणजे चांगली प्रत व्यवस्थित काम करते आहे.

निकामी प्रत असेल तर ती प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तेव्हा मुलीचं आणि मुलाचं लिपिड प्रोफाइल या महिन्यातच करून घ्या. आधी साधी रक्ततपासणी पुरते, जीन टेस्ट लागली तर नंतर, आणि तीही आधी तुमची. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. घरात असा इतिहास असताना मुलाचं एलडीएल १६०च्या वर आलं तर बालरोगतज्ज्ञांना किंवा लिपिडचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. अशा मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिन देतात, आणि लवकर दिल्यानं त्यांचा आजोबांसारखा शेवट टळू शकतो. मुलांवर घरात तेलाचा हिशेब सुरू करू नका, आधी आकडा येऊ द्या. तुमच्या सख्ख्या भावा-बहिणींनाही हीच तपासणी सांगा. पुतण्या सख्ख्या भावाचा असेल, तर पहिलं रक्त त्याच्या वडिलांचं तपासून घ्यायला लावा आणि लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) हीसुद्धा एकदाच करायची तपासणी त्यात घाला. ती पातळी वारशानं ठरते, स्टॅटिननं उतरत नाही, आणि तुमच्या फाइलमध्ये ती नसेल तर तुमचीही करून घ्या.